तारप्याकडे पाठ

जव्हारहून मोखाड्याला जाणारी जीप भरली, की ड्रायव्हर तीत आणखी दोघांना बसवतो. त्या दिवशी त्या दोघांत प्रतिभा होती. मोखाड्याच्या पंचायत समितीत ती क्लार्क होती. ऑफिसला उशीर झाला होता, म्हणून मागच्या बाकावर कशीबशी टेकली. शेजारी एक तरुण, मांडीवर स्टीलच्या डब्यांचा गठ्ठा, आणि त्याच्या मोबाइलमधून एक पितळी वाद्य जीव खाऊन वाजत होतं.

"बंद कर रे ते, कान किटले," समोरची बाई म्हणाली.

त्यानं हात पुढे केला, तोच प्रतिभा बोलून गेली, "थांबा... हा माणूस दम घेतो कधी?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "चार वर्षं मी लोकांना जॅझ ऐकवतोय. हे कुणीच विचारलं नाही, मॅडम."

"माझे बाबा पोशेऱ्याला तारपा वाजवतात. गालात वारा धरून ठेवायचा आणि नाकानं नवा घ्यायचा."

"मग दम लागतो कुणाला?"

"ऐकणाऱ्याला," ती म्हणाली आणि घाट संपेपर्यंत बाहेर बघत राहिली. हसू काही आवरेना.

त्याचं नाव केयूर. जव्हारमध्ये घरचं भांड्यांचं दुकान. मोखाड्याच्या बाजाराला तो माल घेऊन यायचा. कॉलेजात असताना मुंबईच्या खोलीवर त्याला हा नाद लागला होता. मग दर बाजारी तो तिच्यासाठी मेमरी कार्डात एक अख्खा अल्बम भरून आणू लागला. ती भाकऱ्या भाजताना ऐकायची आणि पुढच्या बाजारी निकाल द्यायची.

"तुमचा पियानोवाला कुणावर तरी रुसलाय."

"कुणावर?"

"ते तुम्ही सांगा. पाहुणा तुमचा!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पण एका बाजारी, चहाच्या हॉटेलात, वाद पेटला.

"आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेली," केयूर सांगत होता. "मळ्यात राबताना एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. त्यात चर्चची गाणी मिसळली, बँडचा बाजा मिसळला. तिथून जॅझ आलं."

"म्हणजे मळ्यातलंच की! मग अल्बमच्या कव्हरावर सगळे सूट घालून कसे?"

"शहरात आले, सुधारले... अगं, तुमचा तारपा ऐकला ना मी मोबाइलवर. ते जॅझच आहे! फक्त कच्चं. त्याला जरा ड्रम, पियानो जोडला ना—"

प्रतिभानं कप खाली ठेवला. "माझ्या बाबांचं वाजवणं ही कशाची तरी कच्ची वही आहे का, केयूर?"

ती उठून गेली. वाटेत एकच विचार तिला टोचत राहिला — आज तारप्याला पियानो जोडतोय, उद्या मला काय काय जोडेल? मी आहे तशी याला पुरते का?

दोन बाजार ती हॉटेलकडे फिरकली नाही. तिसऱ्याला तो ऑफिसच्या खिडकीशी आला.

"ऐकायला येऊ? नुसतं ऐकायला."

"भात घरात आलं की ये. त्याआधी बाबा तारप्याला हात लावत नाहीत."

तो खरंच आला. दिवस कलला होता. अंगणात मधोमध तारपा फुंकत प्रतिभाचे वडील मंगळूबाबा, भोवती नाचणाऱ्यांची रांग. केयूरनं मोबाइल काढला. आपण आणि बाबा एकाच सेल्फीत यावेत म्हणून तो वळला...

तारपा थांबला.

"पाठ दाखवली रं तारप्याला!" तुकाकाका ओरडला.

प्रतिभानं आधी सांगायला हवं होतं. पण तिच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. विस्तवात हात घालू नको, असं कुणी पाहुण्याला सांगतं का?

केयूरनं मोबाइल खिशात टाकला. "चुकलं, बाबा. काय करू?"

मंगळूबाबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "नाच. माझा वारा संपस्तवर."

तो रांगेच्या शेपटाला निघाला, तर रामी आत्यानं त्याला ओढून प्रतिभाशेजारी उभं केलं. कमरेमागून हातात हात गुंफले गेले. त्याचा तळवा घामानं भिजला होता. पहिल्याच फेरीत त्यानं तिचा पाय तुडवला.

"दुकानदार, तो पाय माझाय!"

"दोन्ही तुझेच लागतायत मला!"

बायका खिदळल्या. बाबा वळले की रांग वळायची. वारा मात्र संपता संपेना...

अखेर तो धापा टाकत ओट्यावर बसला. तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि धीर करून विचारलं, "कशासारखं वाटलं?"

"कशासारखं? तेवढी फुरसत कुणाला होती! बाबा कुठे वळतायत एवढंच बघत होतो. आणि... तुला." त्यानं तांब्या पुढे केला. "प्रतिभा, मला आवडतेस तू. खूप. अशीच."

तांब्या घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली. "हे आधी बाबांना सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

तो गेला. "बाबा, मला प्रतिभाशी—"

"नाच येत नाय तुला," मंगळूबाबा तारपा पुसत म्हणाले.

"नाही येत."

"मग रहा. उद्या पण हाय नाच."

केयूरनं घरी फोन लावला, "आई, उद्या दुकान पप्पांना उघडायला सांग." ते ऐकत प्रतिभा चुलीकडे गेली आणि आधणात नव्या तांदळाची एक मूठ जास्त घातली.