यागोच्या फळाला मूठमाती

अवुओर कणगी सारवत बसली होती, तेव्हा पलटणीचा कागद आला. थोरला मुलगा ओगोला ब्रह्मदेशाच्या लढाईत बेपत्ता, एवढंच त्यात होतं. बेपत्ता म्हणजे मेला, असं कुठं म्हटलंय? पण दीर ओदेराला कोण समजावणार!

"वहिनी, वर्ष झालं. असंच ठेवलं तर त्याचा आत्मा घरादाराला छळेल. यागो पुरून टाकू."

सरोवराकाठची रीतच ती. परमुलखात मेलेल्याचं प्रेत मिळालं नाही, की यागोच्या झाडाचं हातभर लांब फळ कापडात गुंडाळून त्याच्या जागी पुरायचं. अवुओर महिनाभर अडून बसली आणि शेवटी थकून हो म्हणाली. त्या एका शब्दासाठी तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही. ते फळ खड्ड्यापर्यंत न्यायला चार बापे लागले. एकमेकांकडे बघितलं सगळ्यांनी.

आठव्या दिवशी, भर दुपारी, कुंपणाच्या दाराशी ओगोला उभा!

"माझं लेकरू गं!" अवुओर धावली. "बाहेर काय उभा राहिलास? आत ये की!"

"येता येत नाही, आई... पायच उचलत नाही." त्यानं छाती दाबून धरली होती. "आठ दिवस झाले... कुणीतरी वर ओझं टाकलंय. श्वास पुरत नाही."

ओदेरा मागच्या मागे सरकला. "वहिनी, हात लावू नकोस. ज्याच्यासाठी रडून झालं, तो परत येत नसतो. हा ओगोला नाही..."

"मग कोण, तुझा बाप?"

तिनं कुदळ घेतली. ओगोलाची बायको अकेलो शेजारी बसून हातांनी माती ओढू लागली. खड्ड्यातून चिखलाचा आणि जखमेवरच्या औषधाचा वास येत होता. प्रत्येक घावासरशी दारातून खोल श्वास ऐकू यायचा. फळ हाती लागलं, तेव्हा कोमट होतं आणि अवुओरनं ते एका हातानं उचललं. ते सरोवरात फेकून ती परतली, तर ओगोला चुलीपाशी बसून मासे मागत होता.

दोन वर्षांनी त्याच्या पलटणीतला ओमोलो दुखवट्याला आला. गोठ्यापाशी लेकीला खांद्यावर घेऊन नाचवणारा ओगोला दिसला, आणि तो आल्या पावली मागे फिरला. अवुओरनं त्याला कणगीमागे नेलं.

"आई, मी त्याला स्वतःच्या हातांनी पुरलंय... नदीकाठी."

अवुओरनं गोठ्याकडे बघितलं. नात खिदळत होती.

"तू पुरलंस, मी उकरलं," ती म्हणाली. "तिसऱ्या कुणाला सांगू नकोस. चल, जेवून घे."

ओमोलो कसाबसा जेवायला बसला. ओगोलानं माशाचा मोठा तुकडा त्याच्या पुढ्यात सरकवला आणि हळूच विचारलं, "माती लोटताना तू एवढा रडत का होतास रे?"