मानेवर दोन बोटं

"मावशीबद्दल एक पान लिहून दे," असं तिचा जुना ड्रायव्हर मला सोमवारी सांगून गेला. तुकडीतल्या वारलेल्या माणसांसाठी त्यांच्या इमारतीत एक खोली करताहेत, फोटो, सामान वगैरे ठेवायला. मी म्हटलं, "काका, मी रक्त तपासणारी बाई. मला रिपोर्ट लिहिता येतो, पान नाही." ते हसले. "मग रिपोर्टच लिही. मॅडमना तेच आवडलं असतं."

तर हा रिपोर्ट.

मावशी एकवीस वर्षं सैन्यात मेडिक होती. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. उंचीने बेताची, आवाज मात्र मैदानभर जाईल असा. स्वयंपाकाच्या नावाने बोंब. रोज सकाळी मी शाळेला निघाले की दारात अडवायची, मानेवर दोन बोटं ठेवायची, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजायची आणि म्हणायची, "चालू आहे. जा." बोटं कायम थंडगार. मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. माझ्या लग्नात तर तिने नवऱ्याचीही मान धरली आणि सगळ्यांसमोर "हाही चालू आहे" म्हणाली. पुढे तो चालता झाला, ते सोडा.

एका गोष्टीवरून मात्र आमचं कायम वाजायचं. माझा रिपोर्टवर विश्वास, आणि ती म्हणायची, "कागद काय बघतेस? माणूस बघ."

सोमवारी काकांनी तिची ट्रंक उघडली. तळाशी एक चिठ्ठ्यांचं पुस्तक निघालं. जखमी ओळीने पडलेले असताना मेडिकने प्रत्येकाच्या शर्टाच्या बटणाला चिठ्ठी बांधायची. लाल म्हणजे आधी न्या, पिवळी म्हणजे थांबू शकतो, काळी म्हणजे सोडून द्या. चिठ्ठी फाडली की अर्धा भाग पुस्तकात राहतो, त्यावर वेळ आणि नाडी लिहायची. या पुस्तकातली एकच चिठ्ठी फाडलेली होती, पहिली, काळी. वेळ होती. नाडीची जागा कोरी.

"तेव्हा चाळीस जण पडले होते," काका म्हणाले. "मॅडमनी त्या पोराकडे एकदा बघितलं आणि काळी बांधली. हात लावून नाडी बघितली नाही. गाडी निघाली, मी आरशात बघतो तर त्याचा हात वर."

"मग?"

"परत आलो तोवर चिठ्ठी खरी झाली होती. मॅडमनी हे पुस्तक तिथेच मिटलं, पुढच्यांना दुसरं घेतलं."

त्या दिवसापासून मावशीने मोजल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. दारातल्या त्या बोटांचा अर्थ मला पन्नाशीत कळला. "हे काचेत ठेवण्यासारखं नाही," म्हणून काकांनी पुस्तक माझ्याकडेच दिलं. मी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली.

मंगळवारी लेकीच्या पोटात दुखायला लागलं. बावीस वर्षांची घोडी, पण आजारी पडली की तान्ही होते. मी तिचं रक्त घेतलं, माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच हाताने तपासलं. सगळं नॉर्मल. "गॅस झालाय," मी म्हटलं. "चरत असतेस दिवसभर."

बुधवारी सकाळी तिच्या शर्टाच्या बटणाला पिवळी चिठ्ठी होती.

"हा काय चावटपणा?"

"मला वाटलं तूच बांधलीस," ती म्हणाली. ओठ सुकले होते तिचे.

गाठ मावशीची होती. दोन वेढे आणि टोक आत दडवलेलं. ती गाठ मला कधी जमली नाही, लेकीला तर बुटाची नाडी धड बांधता येत नाही. कपाटाला कुलूप होतं. पुस्तकात पिवळीचा अर्धा भाग राहिला होता. त्यावर मावशीचे ते डावीकडे कललेले आकडे: ६:४०, नाडी ९६. शाई ओली नव्हती, पण जुनीही वाटत नव्हती.

म्हटलं, आधीच फाटलेली असणार, सोमवारी माझं लक्ष गेलं नसेल. लेकीने किल्ली घेतली असेल. चिठ्ठी मी कचऱ्यात टाकली आणि रिपोर्ट पुन्हा वाचला. नॉर्मल. कागद खोटं बोलत नाही, असं मोठ्याने म्हणाले. स्वयंपाकघरात ऐकायला कुणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी लेक म्हणाली, "आई, दुखायचं एकदम थांबलं गं." माझा जीव भांड्यात पडला. लॅबला फोन करून उद्या येते म्हणून कळवलं. पाणी आणायला गेले, दोन मिनिटांत परत आले, तर ती डोळे मिटून पडलेली.

बटणाला लाल चिठ्ठी.

आयुष्यात पहिल्यांदा मी कागद बघितला नाही. तिच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, नखं पांढरी. अंगावरच्या कपड्यांनिशी तिला टॅक्सीत घातलं. पर्समध्ये पुस्तक कधी टाकलं, आठवत नाही.

दवाखान्यात नर्सने मनगट धरलं. "एकशे चोवीस."

अपेंडिक्स फुटलं होतं. फुटल्यावर थोडा वेळ दुखणं थांबतं, डॉक्टर म्हणाले, आणि माणसं बरं वाटलं म्हणून घरी बसतात. "तासाभराने आणली असतीत तर कठीण होतं." मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. मग पुस्तक उघडलं. लालचा अर्धा भाग: २:१०, नाडी १२४.

"मावशी, उपकार झाले गं," मी म्हणाले. कुणी बघतंय का, याची पर्वा केली नाही.

आज शनिवार. दुपार आहे. लेक खिडकीशी झोपली आहे, सकाळी तिने बिस्किट मागितलं. मी तिच्या पलंगाशी बसून हे लिहितेय. दोन रात्री खुर्चीत काढून माझा डावा हात अवघडलाय, बाकी मी ठणठणीत. इथल्या लॅबमधली बाई ओळखीची, तिने काल माझंही रक्त बघितलं. नॉर्मल.

आता शेवटी चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा लिहावा म्हणून पुस्तक उघडलं. लालच्या मागची चिठ्ठी फाडलेली आहे.

काळी.

वेळ ३:२०. नाडीची जागा कोरी.

लेकीची सगळी बटणं बघितली. उशी, चादर, दोन्ही मनगटं. ती जागी झाली. "आई, काय चाललंय?"

"काही नाही. झोप."

तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली, पंधरा सेकंद मोजले. एकोणीस ठोके. चालू आहे. चिठ्ठी कुठेच नाही. मी परत खुर्चीत टेकले, पेन घेतलं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झालेत.

मावशी आता मोजल्याशिवाय काळी बांधत नाही.

माझ्या मानेला गार लागतंय. दोन जागी, शेजारी शेजारी.

मी हलत नाहीये. सेकंदकाट्याकडे बघतेय आणि लिहितेय, एवढंच.

पंधरा सेकंद कधीच झाले. बोटं अजून तिथेच आहेत, आणि ती "चालू आहे" म्हणत नाहीये.