पगार सोडून अर्धं अर्धं

जिना चढून रश्मी सीए शर्मिष्ठा मॅडमच्या ऑफिसात शिरली आणि दारातच थबकली. समोरच्या बाकावर कृणाल बसला होता… तिचा नवरा. बूट काढून, ओले मोजे पिळत. सगळा जुलै मोकळा पडला होता, पण नाही. या पठ्ठ्याला इन्कम टॅक्सच्या रिटर्नसाठी आजच, आत्ताच यायचं होतं!

तीन महिने दोघांचं बोलणं नव्हतं. कारण काय, तर यानं बायकोला न विचारता पणजीची बदली मागून घेतली. हा मूळचा गोव्यातल्या पेडण्याचा, आईवडील तिकडे. पण रश्मीची नोकरी इथे मुंबईत, माहेर चेंबूरला. आणि तिला ते कळलं कुणाकडून, तर त्याच्या ऑफिसातल्या शकुकडून. झालं, बाईसाहेबांनी बॅग भरली, मुलुंडचं घर सोडलं आणि चेंबूर गाठलं. मग आधी फोन कोण करणार, यावर दोघंही अडून बसली. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, अशी हट्टी जोडी.

तेवढ्यावर भागलं असतं, तरी चाललं असतं. पण गेल्या आठवड्यात तिचा भाऊ प्रितम सांगत आला, की कृणालनं गोव्याहून लग्नाचा दाखला मागवलाय. आता लग्नाचा दाखला माणूस कशाला मागवतो? वकिलाकडे जायलाच ना? आठ दिवस रश्मीला धड झोप नव्हती. तिला भांडायचं होतं हो, सोडायचं थोडंच होतं!

"बस ना," कृणाल बाकावर सरकत म्हणाला.

"उभी बरी आहे मी."

"पाय दुखतील."

"दुखू दे. माझे आहेत."

"अर्धे माझे," तो खाली बघत हळूच म्हणाला. "गोव्याचा कायदा आहे."

तिला हसू फुटणारच होतं… पण दाखला आठवला आणि तिनं ओठ चावला. पेडण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात सह्या करताना त्यानंच तिला समजावलं होतं, की आमच्याकडच्या कायद्यानं नवराबायकोचं सगळं निम्मंनिम्मं असतं. तेव्हा ती किती लाजली होती! आणि आता हाच माणूस निम्मं मोडायला निघाला होता.

मॅडमनी दोघांनाही आत बोलावलं. म्हणाल्या, बरं झालं एकदम आलात, तुमचे दोघांचे फॉर्म एकमेकांशी जुळायला हवेत. मग त्यांनी नीट सांगितलं. लग्न गोव्याचं, म्हणून रिटर्न जरी वेगवेगळे भरले, तरी पेडण्याच्या घराचं भाडं, बँकेचं व्याज यातलं अर्धं याच्या फॉर्ममध्ये दाखवायचं, अर्धं तिच्या. पगार मात्र ज्याचा त्याचा. तो वाटायचा नसतो.

"आणि ह्यांनी काय केलंय बघा," मॅडमनी स्क्रीन फिरवली. "स्वतःच फॉर्म भरून मला तपासायला पाठवला. पगारसुद्धा अर्धा करून बायकोच्या नावावर टाकलाय."

रश्मीनं वाकून पाहिलं. पत्नीच्या रकान्यात तिचं नाव होतं, पूर्ण. फॉर्म भरल्याची तारीख जूनची होती. म्हणजे ती निघून गेल्यानंतरची… भांडण ऐन भरात असतानाची.

"पण मग लग्नाचा दाखला कशाला मागवला यानं?" तिनं मॅडमना विचारलं.

"मी मागितला. फाइलला लावायला," मॅडम म्हणाल्या.

हुश्श! रश्मीनं मागची खुर्ची ओढली आणि मटकन बसली. आठ दिवसांनी पहिल्यांदा छातीभर श्वास आत गेला. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायचंही तिला सुचेना.

"मला वाटलं, तू वकिलाकडे…"

कृणाल तिच्याकडे बघतच राहिला. "वकील? अगं, मला एक फॉर्म धड भरता येत नाही."

"अरे, पगार कशाला वाटलास पण?"

"सगळं अर्धं म्हणजे सगळंच, असं मला वाटलं." तो घुटमळला. "बदलीचं… मी थांबवलंय, रश्मी. तुला न विचारता ठरवलं, चुकलो मी. तू म्हणशील तर जाऊ, नाही म्हणशील तर नाही जाणार. पण तुझ्याशिवाय मला इथेही करमत नाही, तिथेही करमणार नाही."

मॅडम उगाचच कागद चाळू लागल्या. रश्मीनं पदर नव्हता म्हणून ओढणीनंच डोळे टिपले आणि त्याला ठणकावलं, की बदलीवरून भांडायचं अजून बाकी आहे, ते नीट बसून भांडायचं. तो मान डोलावत राहिला, कसला आनंद झाला होता त्याला!

"पगार काढून टाकते मग," मॅडम कीबोर्डकडे वळल्या. "आणि रश्मी, तुमच्या फॉर्मवर पत्ता कुठला टाकू? फोनवर तुम्ही चेंबूरचा सांगितला होतात."

रश्मीनं कृणालकडे पाहिलं. तो श्वास रोखून बसला होता, पायांत मोजे नव्हते.

"मुलुंडचा टाका," ती म्हणाली. "आणि जरा लवकर आटपा, मॅडम. आम्हाला घरी जायचंय."