माझ्या समक्ष

नोटरी कागदाच्या खरेपणाचा दाखला देतो, हा समज चुकीचा आहे आणि तो खोडून काढण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. मजकूर खरा की खोटा, हे मी सांगत नाही. ज्याचा कागद तो माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख मी पटवली आणि त्याने राजीखुशीने सही केली, एवढेच मी सांगतो. म्हणूनच घरादाराचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देताना माणसाने नोटरीकडे यावे, आणि स्वतः यावे. ‘ओळखीतलेच आहेत, मारून टाका शिक्का,’ म्हणणाऱ्यांना मी जिना दाखवतो. बाहेरच्या खोलीत बसणाऱ्या माझ्या टंकलेखिका बाई याला ‘साहेबांचं सोवळं’ म्हणतात.

त्या सोवळ्याला एकदा डाग लागला. तो ज्यांच्यामुळे धुतला गेला, त्यांच्या ऋणापोटी ही हकीकत लिहितो आहे.

शिवणकाम करणाऱ्या एक विधवा बाई दिराबरोबर आल्या होत्या. राहत्या घराचे सर्व व्यवहार दिराने करावेत, असे कुलमुखत्यारपत्र होते. म्हणजे उद्या दिराने घर विकले, तरी ते बाईंनीच विकले असे धरले जाणार. मी ठरलेला प्रश्न विचारला.

“ताई, हे राजीखुशीने करताय ना?”

बाईंनी दिराकडे पाहिले.

“सांगा ना वहिनी. साहेबांना काय दिवसभर वेळ आहे?”

“हो,” त्या म्हणाल्या.

सही झाली. नोंदवहीत अंगठा उमटवताना त्या थांबल्या, तेव्हा दिरानेच त्यांचा हात धरून निळ्या शाईच्या गादीवर दाबला आणि वहीत टेकवला. मी शिक्का मारला.

प्रश्न बरोबर होता. परंतु तो विचारण्याआधी दिराला बाहेर बसवायला हवे होते. पहिल्या वर्षी शिकलेला धडा मी पंचविसाव्या वर्षी विसरलो. पुढे तीन आठवडे बाईंची ती नजर घासातल्या खड्यासारखी दाताखाली येत राहिली.

मग एका मंगळवारी, सकाळी अकराच्या ठोक्याला, त्या एकट्याच आल्या. अंगावर जाड शाल, मनगटावर पांढरी चिकटपट्टी. चेहरा शांत होता.

“बसा ताई. पाणी घेता?”

“नको. तोंडावाटे काही जात नाही हल्ली.” त्या खुर्चीत टेकल्या, खुर्ची एरवी करकरते, तेव्हा करकरली नाही. “मागे मला एक प्रश्न विचारला होतात. तो पुन्हा विचारा.”

मी उठून मधले दार लावून घेतले.

“ते पत्र राजीखुशीने दिले होतेत?”

“नाही. घर माझ्या लेकीचं आहे. ते पत्र मोडायचंय.”

टंकलेखिका बाईंनी रद्द करण्याचा चार ओळींचा लेख करून दिला. आधीच्या नोंदीतल्या छायाचित्राशी मी चेहरा ताडून पाहिला. सही झाली. या खेपेस अंगठा मी स्वतः धरला. तो फरशीसारखा गार होता.

“ताई, उपकार झाले,” मी म्हणालो. “चूक सुधारायची संधी कुणी अशी घरी आणून देत नाही.”

“उपकार कसले? तुम्ही निदान विचारलंत तरी. बाकी कुणी तेवढंही केलं नाही. आजच कळवा त्याला.”

त्या गेल्यावर टंकलेखिका बाई दारात आल्या. “साहेब, बाई अनवाणी होत्या. मी नुकतीच फरशी पुसली होती, जपून या म्हटलं. ओल्या फरशीवर एक पाऊल उमटलं नाही हो.”

“वाळली असेल.”

“मग माझी बरी उमटली?”

दुपारीच मी दिराला नोटीस धाडली. गुरुवारी तो ती हातात नाचवत आला.

“ही शुद्ध लबाडी आहे! वहिनी अकरा दिवस अतिदक्षता विभागात आहेत. शुद्ध नाही, नाकातोंडात नळ्या. सही कुणाकडून करून घेतलीत?”

मी त्याच्या डोळ्यांत पाहिले. तो खोटे बोलत नव्हता, घाबरला होता.

मी वही उघडून दोन्ही नोंदी त्याच्यापुढे सरकवल्या. दोन्ही अंगठ्यांवर तीच वलये, आणि मधोमध सुई घुसल्याचा तोच बारीक व्रण.

“पहिला तुम्हीच धरून उमटवलात,” मी म्हणालो. “दुसरा कुणाचा, ते तुम्ही सांगा.”

त्याने दोन्ही ठशांवरून बोट फिरवले. मग नोटिशीची घडी करून खिशात घालून निघून गेला. ठसेतज्ज्ञाने दोन्ही ठसे एकाच अंगठ्याचे ठरवले. दीर पुढे भांडला नाही. घर राहिले.

माझे समाधान मात्र इतक्या स्वस्तात होत नाही. बाईंच्या लेकीच्या परवानगीने मी रुग्णालयातली नोंद वाचली. मंगळवार, अकरा वाजता: नाडी मंद, रुग्ण बेशुद्ध, खाटेवर. त्याखाली, सव्वाअकराला, परिचारिकेचे अक्षर: ‘डावा अंगठा निळा पडलेला. रक्तप्रवाह तपासला. शाई आहे. पुसली.’

दोन नोंदी. दोन्ही समक्ष केलेल्या. मी एकही खोडली नाही.

चार महिन्यांनी बाई आल्या. पायांत चपला, हातात काठी, बरोबर लेक. आता मुखत्यारपत्र लेकीच्या नावे करायचे होते. मी लेकीलाही बाहेर बसायला सांगितले.

“मीसुद्धा?”

“चला बाई,” टंकलेखिका बाई हसल्या. “साहेबांचं सोवळं आहे ते.”

मी दार लावले.

“ताई, मधे एकदा इथे आल्याचे आठवते?”

“छे! दिरानं आणलं होतं तेवढंच. त्यानंतरचं सगळं कोरं.”

खुर्ची करकरली. मला हायसे वाटले. मी प्रश्न विचारला.

“अगदी राजीखुशीनं,” त्या म्हणाल्या.

मी शाईची गादी उघडली आणि अंगठा धरण्यासाठी हात पुढे केला. त्यांनी आपला हात किंचित मागे घेतला.

“जरा जपून हं,” त्या हसून म्हणाल्या. “मागच्या वेळी तुमच्या हाताचा फार चटका बसला होता.”