वर गेल्यावर नाव घेऊ नये

स्ट्रॉम्बोली बेटावर तिथल्या ज्वालामुखीला कुणी नावानं बोलावत नाही. नुसतं ‘तो’. आज तो गप्प आहे, आज तो चिडलाय... जुन्या बायका नवऱ्याबद्दल बोलायच्या ना, तसं. आणि शिखरावर गेल्यावर खाली घरी असलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, हा तिथल्या वाटाड्यांचा शिरस्ता. का, ते कुणी विचारत नाही.

नुन्झिया वाटाडीच; तिनं आजवर हा शिरस्ता पाळला होता. पण त्या संध्याकाळी पर्यटकांना घेऊन ती चढत होती ती निव्वळ पायांनी. जीव घरी अडकला होता. आठ वर्षांची लेक तापानं फणफणलेली. नवरा समुद्रात गेला तेव्हापासून दोघीच एकमेकींना होत्या.

शिखरावर गंधकाचा वास घशात बसत होता. तो मात्र सकाळपासून चिडीचूप. तिच्या फोनला जरा रेंज आली.

“मेना? ताप उतरला का गं? मेना...”

नुसती खरखर. मागून सोबतचे म्हातारे वाटाडे सारोकाका पुटपुटले, “जीभ आवरायचीस, पोरी.”

“काका, लेकरू आजारी आहे हो.”

“म्हणून तर म्हणतो. इतका वेळ गप्प होता ना... ऐकत होता तो.”

नुन्झियानं सगळ्यांना लगेच उतरायला लावलं.

“बाई, बोट सुटतेय का तुमची?” एका पर्यटकानं चिडवलं. काळ्या वाळूत पाय रुतत होते, आणि खाली धुरात कुणी बाई हाका मारत होती. मेना... मेना... वारा असेल, नुन्झियानं स्वतःला बजावलं. पण आवाज तिचाच होता.

गावात आल्यावर चर्चच्या भिंतीशी बूट झाडायचे असतात. त्याची वाळू घरात न्यायची नाही. ती थांबलीच नाही, पळत सुटली. माणसं सारोकाकांनी सांभाळली.

दार उघडं. मेना खाटेवर बसलेली, अंग गार. उंबऱ्याशी तिचे चिमुकले बूट. नुन्झियानं ते उलटे केले. काळी वाळू सांडली, भाजलेल्या रव्यासारखी ऊन.

“कुठं गेली होतीस गं?”

“तूच तर बोलावलंस.” मेना फुरंगटली होती. “डोंगरवाटेवरच्या अंजिराच्या झाडापर्यंत आले की तुझ्यामागं. तू वळून बघायलाच तयार नाहीस. मग आले परत.”

नुन्झियाला रडू कोसळलं. तिनं लेकीला घट्ट कुशीत घेतलं. वाचली पोर, वाचली.

“आई, आता आठवतंय ना तुला?”

“काय गं?”

“तू सारखी विचारत होतीस... माझं नाव काय, माझं नाव काय. सांगितलं मी तुला तुझं नाव.”

नुन्झियानं उठून दाराला कडी घातली. मेनाला पुन्हा कुशीत ओढलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दारापलीकडून कुणीतरी हळूच हाक मारली.

“नुन्झिया...”

आवाज मेनाचा होता. मेना तिच्या कुशीत होती, ओठ मिटून.