वाऱ्याचा आकडा

सँट्रीच्या स्टेडियमवर त्या संध्याकाळी वाऱ्याने स्वरांगीची छत्री हिसकावली आणि थेट धावपट्टीवर नेऊन टाकली. समोरून एक उंच इटालियन अडथळे ओलांडत सुसाट येत होता. तो थांबला नाही... छत्रीवरूनही उडी मारून पुढे गेला. मग परत आला आणि ती उचलून तिच्या हातात दिली.

"अडथळा छान होता," तो म्हणाला. "फक्त जरा बुटका."

"आयर्लंडमध्ये छत्री वापरणारी मी एकटीच वेडी," ती म्हणाली आणि उगाचच लाजली.

त्याचं नाव तुल्लियो. एके काळी तो इटलीच्या संघातून देशोदेशी धावला होता. पायाच्या दुखापतीनंतर संघाने विचारणं सोडलं, तेव्हा इथल्या एका कोचच्या भरवशावर आला होता. पुण्याची स्वरांगी जवळच्याच सॉफ्टवेअर कंपनीत होती. आता रोज नुसतं त्याला बघायला कसं जायचं? म्हणून बाईसाहेबांनी क्लबमध्ये मदतनीस म्हणून नाव दिलं. वाट्याला आलं वारा मोजायचं यंत्र. पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असला, तर धावपटूची वेळ पात्रतेसाठी धरत नाहीत. दोनच्या वर शतांशभर जरी दिसलं, तरी पुढचा दशांश, म्हणजे दोन पॉइंट एक, सांगायचा, असा नियम.

"आज वारा माझ्या बाजूने ठेव हं," शर्यतीआधी तो चिडवायचा.

"लाच काय देशील?"

"कॉफी. आणि... मी."

"कॉफी चालेल," ती म्हणायची आणि घरी पोचेपर्यंत ते 'आणि मी' मनात घोळवत राहायची.

अशी दोन वर्षं गेली. २०१९चा उन्हाळा आला. जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरायची त्याची ती शेवटची शर्यत होती.

"जमलं तर इथेच राहीन," तो बूट बांधता बांधता म्हणाला. "नाही जमलं तर घरी. बाबांचं फरश्यांचं दुकान सांभाळायचं."

शर्यत संपली की त्याला मनातलं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

त्या दिवशी तो जीव तोडून धावला. हवी होती त्याहून चांगली वेळ नोंदली गेली. कोच तर रडायलाच लागला. इकडे यंत्रावर आकडा होता दोन पॉइंट शून्य तीन.

"वारा?" मुख्य पंच नोएलने वॉकीटॉकीवर विचारलं.

"दोन पॉइंट एक," ती सवयीने म्हणाली.

आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. यंत्राकडे दुसरं कुणीच बघत नव्हतं. नुसतं 'दोन' म्हटलं असतं, तर सगळं त्याचं झालं असतं. तेवढ्यात लाउडस्पीकरवर आकडा जाहीर झाला आणि टाळ्या थांबल्या.

तुल्लियो आला, यंत्रापुढे उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला. मग उठून गेला.

आठवड्याने ती त्याला विमानतळावर सोडायला गेली.

"जाऊ नकोस ना," ती म्हणाली. "इथे नोकरी बघ. मी आहे ना."

"तू बरोबरच केलंस, स्वरा. पण तुझ्याकडे पाहिलं की मला तो आकडा दिसतो. उद्या तुझा राग यायला लागेल... ते नको."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही," तो म्हणाला. "म्हणून तर जातोय."

ती रडत होती, आणि आजूबाजूला कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

"एकच सांग," त्याने अडखळत विचारलं. "तो आकडा सांगण्याआधी... थांबली होतीस? क्षणभर तरी?"

ती थांबली नव्हती. त्या क्षणी तुल्लियो तिच्या मनातसुद्धा आला नव्हता.

"थांबले होते रे," ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "खूप वेळ."

त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले, सॅक खांद्याला लावली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला ते खरं वाटलं होतं.