चिमणी आणि रातोरात वाढलेलं घर

“मान खाली घे!” घरातली थोरली मुलगी चौकशी ओरडली. “पाय जरा वाकव! अगं, निदान श्वास तरी सोड!”

चिमणीने यातलं काहीही केलं नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून ताठ उभी राहिली, कारण सगळं घर एकाच वेळी तिच्याकडे बघतंय असं क्वचितच घडायचं. बाबांनी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, चौकटीवर पेन्सिलीने खूण केली आणि ते मागे सरकले.

खूण लाल रेघेच्या वर होती. चांगली बोटभर वर!

“संपलं,” बाबा म्हणाले.

चिमणी हे कुत्र्याचं पिल्लू होतं. आई मास्टिफ, वडील बेपत्ता. एका बंद पडलेल्या गोदामात कुणीतरी तिला साखळीला बांधून निघून गेलं होतं. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या डॉक्टरताईंनी तिला सोडवून आणलं, तेव्हा ती इतकी हडकुळी होती, की चौकशीच्या धाकट्या भावाने, म्हणजे बारक्याने, तिचं नाव चिमणी ठेवलं. मग ती जेवायला लागली. नाव बदलायचं राहून गेलं.

चौकशीलाही खरं नाव होतं, पण ते विचारणाऱ्याला तीच उलट चार प्रश्न विचारायची. म्हणून सगळे तिला चौकशीच म्हणत.

बाबा शिंपी होते. बाहेरच्या खोलीत त्यांचं कापड बेतायचं भलंमोठं टेबल होतं आणि त्या टेबलापायीच सगळं घोडं अडलं होतं. सुट्टी लागताच त्यांनी ते टेबल चौकटीला चिकटवून, त्याच्या उंचीवर लाल रेघ ओढली होती.

“सुट्टी संपेपर्यंत तिला शिस्त लावा,” त्यांनी बजावलं होतं. “पण त्याआधीच तिचं डोकं या रेघेच्या वर गेलं, तर ती परत निवाऱ्यात! गिऱ्हाइकाच्या कोटाला लाळ लागली, तर गिऱ्हाईक मला चावेल.”

चौकशीने तेव्हापासून रोज चिमणीला शिकवलं होतं. कापड दिसलं की खाली बसायचं. चिमणी पडदा दिसला तरी बसायची. टॉवेल दिसला तरी बसायची. एकदा रस्त्यात साडीचं दुकान लागलं, तेव्हा तिला उचलून आणावं लागलं होतं.

“मागच्या आठवड्यात ती रेघेच्या खाली होती, बाबा! एवढी कशी वाढेल?”

“अगं, घोड्याची जात आहे ती!” फरशीमामा म्हणाले. हे आईचे भाऊ. लोकांच्या घरी फरशी बसवायची हा त्यांचा धंदा. याच घरातली जुनी फरशी उखडून नवी चकचकीत बसवायचं काम त्यांनीच घेतलं होतं, म्हणून तर सगळे आठवडाभर चिमणीसकट आत्याकडे राहून काल परतले होते. “परत पाठवा, दाजी. उद्या छपरातून बाहेर येईल.”

“टेपने मोजू या ना!” शेजारचा भोंगा म्हणाला. हळू बोलणं त्याला जमायचं नाही. दोन घरं सोडून कुणीतरी “मोजा, मोजा!” असं उत्तरही दिलं.

“टेप वापरून वापरून ताणतो,” बाबा म्हणाले. “मी जन्मभर टेप गळ्यात घालून हिंडलोय, मला सांगू नकोस. चौकट ताणत नाही.” आणि त्यांनी निवाऱ्यात फोन लावला. डॉक्टरताई दुपारी गाडी घेऊन येणार होत्या.

तिघं मुलं गच्चीच्या जिन्यात बसली. चिमणी चौकशीच्या मांडीवर बसली, म्हणजे तिचं डोकं मांडीवर होतं आणि उरलेली चिमणी तीन पायऱ्यांवर.

“मी रडणार नाहीये,” चौकशी म्हणाली. “रडलं की नीट विचार करता येत नाही. काहीतरी गडबड आहे.”

“आजोबा पण वाढलेत,” बारक्या नाक पुसत म्हणाला.

“काय?”

“फडताळावरचा बिस्किटांचा डबा! आधी ते मला खांद्यावर घ्यायचे. आज त्यांनी सरळ हात वर केला आणि काढला. मला विचारलंसुद्धा नाही.”

चौकशी ताडकन उठली. त्याबरोबर तीन पायऱ्यांवरची चिमणीही उठली आणि भोंगा एक मजला खाली गेला.

आजोबा खोलीत होतेच. शिवाय खूशही होते. “दोरीला लोंबकळायचा व्यायाम केला मी आत्याकडे. या वयात उंची वाढवून दाखवली! तुमच्या आजीला दाखवायला हवं होतं.”

“आजोबा, तुम्ही वाढलात, चिमणी वाढली. आणखी कोण वाढलंय?”

“ते आईला विचार. ती कपाटाशी भांडतेय.”

आई खरंच आतल्या खोलीत लोखंडी कपाटाचं दार दोन्ही हातांनी ओढत होती. “उघडतच नाही मेलं! हवेने फुगलं असेल.”

“लोखंड फुगतं?” भोंग्याने विचारलं, आणि आईला प्रथमच त्याचा प्रश्न पटला.

चौकशी जमिनीवर आडवी झाली. चिमणीही शेजारी आडवी झाली. दोघींनी कपाटाखाली पाहिलं. कपाटाला पायच नव्हते! म्हणजे होते, पण ते नव्या फरशीच्या पातळीखाली, एका चौकोनी खड्ड्यात उभे होते. खड्ड्याच्या तळाला ओळखीची हिरवी फरशी दिसत होती. जुनी!

“मामांना कपाट हलवायचा कंटाळा आला,” चौकशी हळूच म्हणाली, “म्हणून त्यांनी कपाटाच्या भोवतीनं फरशी घातली. आणि जुनी उखडलीच नाही!”

“म्हणजे आजोबा...”

“आजोबांना सांगू नकोस एवढ्यात. आधी टेबल!”

टेबलावर कापडांचा डोंगर होता. चौकशीने तो घडी न मोडता खुर्च्यांवर हलवला. चिमणी इतकं कापड बघून प्रत्येक गठ्ठ्यामागे एकदा खाली बसली. मग तिघांनी दात-ओठ खात टेबल ढकलत चौकटीपाशी नेलं.

दारात गाडीचा हॉर्न वाजला. डॉक्टरताई आत आल्या. मागून बाबा, आणि चहाचा कप घेऊन मामा.

“हा काय गोंधळ!” बाबा गरजले.

“बाबा, रेघ तुम्ही टेबलाला लावूनच ओढली होती ना? मग बघा.”

बाबांनी बघितलं. टेबल लाल रेघेच्या दोन बोटं वर होतं.

“टेबल वाढलं?” बाबा पुटपुटले.

“त्याला काय खायला घालता?” डॉक्टरताईंनी गंभीरपणे विचारलं.

“टेबल नाही वाढलं, जमीन वाढली!” चौकशी म्हणाली. “चौकट भिंतीत आहे, ती तिथेच राहिली. फरशीवरचं सगळं वर आलं. चिमणीसुद्धा! आतल्या कपाटाखाली जुनी फरशी अजून तशीच आहे. हवं तर वाकून बघा.”

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी कपात पाहिलं. कपात चहा संपला होता.

“उखडायची म्हटलं की फार धूळ उडते, दाजी,” ते म्हणाले. “वाटलं, कुणाला कळणार आहे?”

“आणि या मुक्या जिवाला घोडा म्हणून घालवून देत होतास!” आईने असं काही सुनावलं की मामा आपल्याच फरशीवरून घसरता घसरता वाचले.

बाबांनी चिमणीला टेबलाशी उभं केलं. तिचं डोकं टेबलाच्या खाली होतं. बोटभर खाली! भोंग्याने आरोळी ठोकली आणि दोन घरं सोडून टाळ्या वाजल्या.

पण बाबा हसले नाहीत. “आज खाली आहे. पुढच्या महिन्यात?”

“पुढच्या महिन्यात वर जाईल,” डॉक्टरताई म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? ही खूप मोठी होणार.”

चौकशी बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, शाळेचे गणवेश शिवताना तुम्ही मुलांना काय विचारता? यंदा वाढणार नाहीस ना, असं?”

“छे! आत कापड जास्तीचं दुमडून ठेवतो. पोर वाढणारच.”

“मग चिमणीसाठी का नाही ठेवलंत?”

बाबांनी खुर्चीवरचा अर्धवट शिवलेला कोट उचलला आणि चिमणीच्या नाकासमोर धरला. चिमणीने कोटाकडे पाहिलं, मोठा उसासा टाकला आणि ती धपकन खाली बसली.

“माझ्या हाताखालच्या शिकाऊ पोरांना हे शिकवायला वर्ष लागतं,” बाबा म्हणाले. त्यांनी चौकशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तो काढलाच नाही. “शाब्बास, पोरी. डॉक्टरताई, गाडी रिकामीच न्या.”

“मुलं कामाची आहेत हो तुमची,” ताई म्हणाल्या. “निवाऱ्याची फरशीसुद्धा एकदा तपासायला पाठवा.”

मामांनी हळूच दार गाठलं होतं, पण चिमणी आडवी पडली होती, आणि चिमणी आडवी पडली की दार उरत नाही.

दोन्ही फरश्या उखडून नवी पुन्हा नीट बसवायला मामा दुसऱ्याच दिवशी आले. निघालेल्या हिरव्या फरश्या बाबांनी फेकू दिल्या नाहीत. त्यांच्या चळती रचून टेबलाच्या पायांखाली घातल्या, आणि चार जास्तीच्या बाजूला ठेवल्या, पुढच्या महिन्यासाठी. चौकटीवरची लाल रेघ बाबांनी स्वतः खरवडून काढली.

आजोबांना मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. फरशी उखडल्यावर त्यांचा हात डब्यापर्यंत पोचेना, तेव्हा ते म्हणाले, “व्यायाम चुकला दोन दिवस,” आणि पुन्हा दोरीला जाऊन लोंबकळले. खाली चिमणी बसली होती. दोरीवर टॉवेल वाळत होता.